काठीच्या टोकावरची जागा

वासू,

तुझी काठी मी बिघडवली. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट ओळीत लिहिता येईल. एखादी गोष्ट अर्धवट राहिली की मला बसवत नाही, हे तुला ठाऊक आहे. आज सकाळपासून चार वेळा तुझ्या मांगरात जाऊन आले. दोनदा दार उघडलं आणि कशाला आले तेच आठवेना. तिसऱ्यांदा तुझं स्टूल पुसलं. चौथ्यांदा नुसती उभी राहिले.

तू गेलास त्याला सव्वा महिना झाला. काय झालं, किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले, ते मी इथं लिहीत नाही. ते सगळे कागद एका फाइलमध्ये आहेत, फाइलवर तुझं नाव आहे, आणि ती मी पुन्हा उघडणार नाही.

हे पान तुझ्या नावे असलं तरी वाचणार आपली नातवंडं, इरा आणि नील. त्यांना मी एरवी इंग्रजीत लिहिते. पण तुझ्याशी मी उभ्या आयुष्यात इंग्रजीत एक वाक्य बोलले नाही, आता कुठून सुरुवात करू? त्यांचा बाबा, अभय, त्यांना वाचून दाखवील आणि शब्द अडला तर समजावील. नीलला मांगर हा शब्द आठवत नसेल. परसातली ती कौलारू खोली रे नील, जिथं पूर्वी गवत आणि नांगर असायचे आणि नंतर तुझे वासूआजोबा.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू माझा सतरा वर्षांचा दीर होतास. कोल्हापुरात इंग्रजी घेऊन शिकलेली मी, बरोबर दोन ट्रंका. एसटीतून त्या उतरवताना तू म्हणालास, "वैनी, ह्येच्यात धोंडे भरलास काय?"

"पुस्तकं आहेत."

"मगे धोंडे बरे. गडग्याक तरी लागले असते."

दगडी कुंपणाला इथं गडगा म्हणतात हे मला तेव्हा कळलं. ते आपलं पहिलं बोलणं. पुढची चव्वेचाळीस वर्षं साधारण तसंच चाललं. मी कट्टा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तू मालवणच्या बंदरावर होड्यांची इंजिनं खोललीस आणि बंद केलीस. तुझ्या दादाला आपल्या दोघांच्या मधे बसून जेवायची सवय होती. ते गेल्यावर मधली जागा मोकळी झाली, तरी आपण पाट सरकवले नाहीत. तू लग्न केलं नाहीस. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आता ते विचारायचं राहिलं, असं नाही म्हणणार मी. ते न विचारणंच बरोबर होतं. दुसऱ्या काही गोष्टी मात्र राहिल्या.

घरात माझे डबे होते. बारीक खिळे, मोठे खिळे, बटणं, सुतळी, मेणबत्त्यांचे तुकडे. प्रत्येकावर चिठ्ठी. तुझ्या मांगरात एकच पिंप होतं आणि त्यात सगळं. तू यायचास, माझा डबा उचलून हलवून बघायचास. "वैनी, डब्यात काय आसा तां तुमी लिवलास. तेचां काय करूचां तां खंयच लिवलेलां नाय." यावर माझ्याकडे उत्तर होतं. मी ते दरवेळी दिलं आणि तू दरवेळी ते ऐकायच्या आत डबा घेऊन पसार झालास.

आता काठीबद्दल लिहिते.

गेल्या मे महिन्यात मुलं आली होती. इराने तिकडे ग्लासगोला एक सिनेमा चार वेळा पाहिला होता आणि इथं येऊन तो आपल्याला रोज एकदा सांगितला. त्यात एक मुलगी असते, तिच्या हातात उंच काठी, काठीच्या टोकाला निळा दिवा. काठी पाण्यात टेकवली की बुडालेलं गाव वर येतं, देवळाच्या कळसासकट. आपण सगळे धामापूरला गेलो तेव्हा तळ्याच्या काठावर इराने एक सुकी फांदी उचलली आणि ती पाण्यात टेकवून किती वेळ उभी राहिली! नील म्हणाला, काही येत नाही. मी म्हटलं, चला, देवीचं दर्शन घेऊ, बस चुकेल. तू मात्र तिच्या बाजूला उकिडवा बसलास आणि अगदी इंजिन तपासल्यासारखी ती फांदी हातात घेऊन पाहिलीस.

"ह्या काठीक वजन नाय," तू म्हणालास, "म्हनान गाव वर येना नाय. तू थांब. मी तुका करून देतंय."

मला वाटलं, मूल रडू नये म्हणून म्हणतोयस. पण मुलं गेली आणि दुसऱ्याच दिवशी तू बंदरावरून एक मोडकं वल्हं खांद्यावर टाकून आलास. पातं कुजलेलं, दांडा मात्र ठणठणीत. तो तू मांगराच्या दाराशी उभा केलास. त्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत, तारखेसकट, माझ्या अक्षरात. इराच्या खुणेवर तू हाताची चार बोटं आडवी ठेवलीस आणि त्याच्या वर पेन्सिलीची रेघ मारलीस.

"हे काय?"

"पुढच्या मे म्हयन्यापर्यंत चार बोटां तरी वाढतला तां चेडू."

मी म्हटलं, टेप घे, अभयला फोन कर, नेमकं माप विचार. तू म्हणालास, "टेपाक काय म्हायत ती किती वाढतली?"

सगळा पाऊसभर तू ते करत होतास. दांड्याला काजूच्या टरफलाचं तेल चोळलंस, होड्यांच्या लाकडाला चोळतात तसं, आणि लाकूड काळं तुळतुळीत झालं. तुझ्या बोटांची सालं निघाली ती निराळीच. मी ओरडले. हातमोजे आणून दिले. ते तू इंजिनाच्या नळीला गुंडाळलेस. नारळाच्या करवंटीचे नखाएवढे तुकडे कापून, घासून, माशाच्या खवल्यासारखे एकावर एक बसवलेस. वरचं बोंड म्हणजे आपल्या जुन्या स्टोव्हचा पितळी बर्नर. तो तू माझ्या बरणीतल्या आमसुलांनी घासलास, आणि त्या आठवड्यात सोलकढीला आमसुलं का कमी पडली ते मला महिन्याने कळलं. बंबाच्या तांब्याची पट्टी होती. सायकलच्या घंटीची वाटी होती, काठी आपटली की किणकिणणारी. ते सगळं टाकून द्यायचं म्हणून मी कधी ना कधी परसात काढून ठेवलेलं होतं. मी टाकलेलं तू दुसऱ्या बाजूने उचलत होतास, हे काठीजवळ उभी राहिले की आता दिसतं.

आणि मग छत्री. तुझ्या दादाची काळी छत्री मी कपाटाच्या मागे उभी ठेवली होती. एके दुपारी माझ्या दाराशी त्या छत्रीचं कापड दिसलं, धुऊन, इस्त्री केल्यासारखी घडी घालून. काड्या गायब. मी मांगरात आले ती ओरडतच.

"त्यांची छत्री, वासू! तुला विचारावंसं वाटलं नाही?"

तू मान वर न करता म्हणालास, "दादान ती छत्री कदी स्वताच्या डोक्यार धरल्यान? वाटेत भेटात तेका देयत सुटायचो. आता नातीक दिल्यान समजा."

मी परत आले आणि कापडाची ती घडी कपाटात ठेवली. रागाने नाही. तुझं म्हणणं खरं होतं. त्या काड्यांची तीन बोटं तू काठीच्या टोकाला बसवलीस, वरच्या बाजूला वळलेली, फळ धरायला हात उघडावा तशी.

त्यानंतर आठ दिवसांनी तू माझ्या टेबलापाशी आलास. हे मला नीट लिहायचं आहे, कारण गेले पाच आठवडे मी हेच पुन्हा पुन्हा ऐकते आहे. मी वर्तमानपत्रातली कात्रणं लावत होते. तू पेपरवेटकडे बोट दाखवलंस. निवृत्त झाले तेव्हा माझ्या शेवटच्या दहावीच्या वर्गाने दिलेला, नारिंगाएवढा काचेचा गोळा, आत लाल-पिवळं फूल.

"वैनी, तुमचो तो गोळो माका दोन दिस द्या."

"नाही."

"अवो, पन आयका तरी..."

"वासू, आमसुलं नेलीस, स्टोव्ह नेलास, छत्री नेलीस. माझ्या टेबलावरची एक तरी वस्तू माझी राहू दे."

तू गोळ्याकडे थोडा वेळ पाहिलंस. हाताचा पंजा त्याच्यावर धरलास, न लावता, नुसता वरून. "बरां," म्हणालास आणि गेलास.

दिवाळी झाली. त्यानंतर बाराव्या दिवशी तू नव्हतास.

दहाव्याला अभय आला होता, विमानातून थेट. नदीच्या काठावर पिंड ठेवला. मला वाटलं, आता तास दोन तास जाणार. मी मनात तयारी करून आले होते. कावळा शिवला नाही तर पुढे होऊन सांगायचं की वासू, तुझी काठी मी पुरी करीन. या गोष्टींवर माझा किती विश्वास आहे ते तुला माहीत आहे, तरी वाक्य पाठ करून आले होते. आणि हात जोडेपर्यंत कावळा आला! फांदीवरून सरळ खाली. भटजींचं बोलणंही संपलं नव्हतं.

शेजारची मंदा म्हणाली, "बरां झालां गे बाई, तेच्या मनात कायच रवलां नाय."

सगळ्यांना हायसं वाटलं. मला तुझा राग आला. खरंच आला. मांगरात काठी तशीच उभी, टोकाची तीन बोटं रिकामी, आणि तुझ्या मनात काही राहिलं नाही? आणि मी गोळा नाही म्हटलं, तेही नाही राहिलं? निदान थोडा वेळ तरी थांबायचंस. मला ते वाक्य बोलू द्यायचं होतंस.

अभयने ती काठी पाहिली तेव्हा तो कितीतरी वेळ करवंटीच्या खवल्यांवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई, माझी पत्र्याची होडी आठवते तुला?"

आठवत होती. तो सात वर्षांचा असताना तू त्याला रॉकेलच्या डब्याची होडी करून दिली होतीस, आत मेणबत्ती लावली की फटफट आवाज करत पाण्यात चालायची. त्याच दिवाळीच्या साफसफाईत मी ती टाकली. कडा गंजल्या होत्या, मुलाच्या हाताला लागेल म्हणून. मी कारण सगळ्यांना सांगितलं, आणि कारण बरोबरच होतं. अभय दोन दिवस जेवला नाही. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. दुसरी होडीही केली नाहीस. तेव्हा मला वाटलं, तू विसरलास. मी तुझी माफी मागितली नाही, कारण माझं कारण बरोबर होतं.

अभय काठी बरोबर नेणार होता. मी म्हटलं, "थांब. अपुरी आहे ती. मी पुरी करून पाठवते."

"आई, आहे तशी दे ना."

"अपुरी वस्तू मुलीच्या हातात द्यायची?"

तो एकटाच गेला. दुसऱ्या दिवशी मी कट्ट्याला हार्डवेअरच्या दुकानात. मालक माझाच विद्यार्थी.

"बाई, पाइप फुटलो काय?"

"काठीला काचेचा गोळा बसवायचाय. पक्का."

त्याने दोन नळ्यांचं पाकीट काढलं. "मगे ह्यां न्येवा. दोनय नळये एकत्र करायचे. एकदा धरलां काय धरलां, मागे फिरूची सोय नाय."

मला हेच हवं होतं. मागे फिरायची सोय नसलेलं काहीतरी. घरी आले, पाकिटावरच्या सूचना चष्मा लावून दोनदा वाचल्या. गोळा साबणाने धुतला. तुझी तीन बोटं मला जरा सैल वाटली. हलवली की हलायची. मनात आलं, शेवटी शेवटी हात थरथरत असतील तुझे. मी पकड घेऊन ती घट्ट आवळली. मग चिकटवलं, घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटं दाबून धरलं. हात दुखला तरी सोडला नाही. काठी पुरी झाली, वासू. दिसायलाही सुरेख. पितळेवर काच, काचेत फूल. माझ्या टेबलावरची शेवटची वस्तू मी तुला दिली, असं वाटून मी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. फोटो काढून अभयला पाठवला.

रविवारी दुपारी तीनला, म्हणजे त्यांच्या सकाळी, नेहमीप्रमाणे फोन आला. इरा पडद्यावर होती. तिचे केस विंचरलेले नव्हते आणि ती हसत नव्हती.

"आज्जी, तू काय केलंस?"

"काठी पुरी केली, राजा. आवडली?"

"ती माझी जागा होती."

मला कळेना. मागून नील ओरडला, "दोनदा फुटला तिचा! एकदा तर भट्टीत!" इराने त्याला ढकललं आणि पडद्याबाहेर निघून गेली. अभय पुढे आला. त्यालाही काही माहीत नव्हतं. म्हणाला, "राहू दे गं आई, छान दिसतंय. तिला मी समजावतो." त्याचा तो आवाज मी ओळखला. सात वर्षांचा असताना तिसऱ्या दिवशी जेवायला बसला होता, तेव्हाचा आवाज.

मग इरा परत आली. हातात एक निळा गोळा. मातीचा, भाजलेला, चकचकीत, एका बाजूने थोडा चेपलेला, त्यावर अंगठ्याचा ठसा.

"हा माझा दिवा आहे," ती म्हणाली. "शाळेत केला. वासूआजोबा फोनवर म्हणालेले, काठी मी करतंय, दिवो तू कर. किती मोठा करू विचारलं तर म्हणाले, मोठा कितीही कर. मी म्हटलं, आज्जीच्या पेपरवेटएवढा करते. तो मला आठवतो."

"पेपरवेटएवढा," मी म्हटलं.

"मग ते म्हणाले, बरां, मी आज्जीकडून माप घेतंय. फक्त तुला सांगायचं नाही ठरलेलं. तू लगेच वही काढली असतीस." ती थांबली. "पण मला वाटलं, शेवटी तरी सांगितलं असेल त्यांनी तुला."

दोन दिवस. तू दोन दिवसांसाठी मागत होतास, मापापुरता. ऐका तरी, म्हणाला होतास. मी ऐकलं नाही, तेव्हा तू पंजा त्या गोळ्यावर धरलास आणि माप तिथेच घेऊन गेलास. मी समोर बसून पाहत होते.

"आणि भट्टीत लहान झाला तर?" मी विचारलं. माझ्या तोंडून बाई बोलत होती, आजी नव्हे.

"मीपण तेच विचारलं. ते म्हणाले, भियू नको, बोटां वाकतत." तिने हे तुझ्यासारखं म्हटलं, तुझ्याच चालीत. मी या मुलीला शुद्ध मराठी यावं म्हणून तीन वर्षं दर रविवारी धडे दिले, वासू.

बोटं सैल नव्हती. तू ती मुद्दाम वाकती ठेवली होतीस. मी पकडीने आवळून टाकली.

"इरा, मी तो गोळा काढीन. मे महिन्यात तू येशील तोवर काढीन."

"निघेल?"

इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, घरात वावरले. एखाद्या मुलाने विचारलं आणि मी म्हटलं की मला माहीत नाही, असं कधी झालेलं मला आठवत नाही. त्या दिवशी म्हटलं.

पुढचे आठ दिवस मी काय काय केलं ते तुझ्या पिंपाला विचार. कढत पाण्याची फडकी गुंडाळली. सुई घातली, मग दाभण, मग करवतीचं पातं. बोटाला दोन ठिकाणी कापलं. मंदा सकाळी दुधाला आली की मी मांगरात, संध्याकाळी देवाचा दिवा लावायच्या वेळीही मांगरात. ती म्हणाली, "बाई, सोडा तो नाद. किती बरी दिसता काठी!" मी तिला म्हटलं, "मंदा, मला बरी नकोय." ती घाबरून गेली असणार.

गोळा हलला नाही. दुकानदाराने सांगितलंच होतं. राहिला एकच उपाय.

मी कपाटातून छत्रीचं ते काळं कापड काढलं, तू घडी करून ठेवलेलं. कशाला ठेवलं होतं मी ते, मलाही ठाऊक नव्हतं. डब्यात घातलं नव्हतं, चिठ्ठी लावली नव्हती. काठी तुझ्या स्टुलावर आडवी ठेवली, गोळ्याभोवती कापड घट्ट बांधलं आणि तुझी लहान हातोडी घेतली. पहिला घाव चुकला. दुसऱ्याने नुसता आवाज झाला. वर्गातली मुलं डोळ्यांसमोर आली, सत्काराच्या दिवशी तो गोळा देताना कोण आधी पुढे होणार म्हणून ढकलाढकली करणारी. मी त्यांना मनातल्या मनात सांगितलं, बाजूला व्हा रे जरा. तिसऱ्या घावाला तो फुटला.

कापडाची गाठ तशीच राहू दिली आणि अख्खं गाठोडं एका रिकाम्या डब्यात ठेवलं. त्या डब्यावर काही लिहिलेलं नाही.

मग पकडीने एकेक बोट उघडलं. दोन उघडली. तिसरं मुळाशी तुटलं.  मग तुझ्या पिंपात तांब्याची एक तार सापडली, आणि मी ते बांधलं. मला सुबक जमलं नाही. गाठ मोठी झाली, तारेचं टोक बाहेर राहिलं, दिसतं ते. कानशीने घासून लपवता आलं असतं, पण मी लपवलं नाही. इराला सांगीन, हे वासूआजोबांनी केलं, हा दिवा तू केलास आणि ही गाठ माझी.

अभयला काल संध्याकाळी फोन करून होडीबद्दल बोलले. म्हटलं, गंज होता हे खरं, तरी मी टाकायला नको होती. तो म्हणाला, "आई, एवढ्या वर्षांनी?" मी म्हटलं, हो. तुलाही तेच सांगते आहे, वासू. तेव्हाच सांगायला हवं होतं. तू दुसरी होडी केली नाहीस, ते विसरला होतास म्हणून नव्हे, एवढं मला आता कळतं. आणि तरीही माझं टाकलेलं उचलायचं तू सोडलं नाहीस. माझ्यावर रुसून तू मांगराचं दार कधी बंद केलं नाहीस. याबद्दल आभार मानायचे तर आपल्या घरात तशी पद्धत नाही. म्हणून इथं लिहून ठेवते.

आणि कावळ्यावरून आलेला राग सोडला. तुझं काही राहिलंच नव्हतं. काठी झाली होती. दिवा मुलीने करायचा होता, तो ती करत होती. माझं वाक्य ऐकायला त्या कावळ्याने कशाला थांबावं?

काठी आता दाराच्या चौकटीला टेकवून ठेवली आहे, तुझ्या पेन्सिलीच्या रेघेबरोबर. मघाशी मंदा डोकावली. "ही अजून अर्धीच?"

"नाही," मी म्हटलं. "पुरी आहे."

ती माझ्याकडे बघतच गेली.

दुपारचा वारा सुटला आहे, समुद्रावरचा. टेबलावरचे कागद एकेक करून उठताहेत, त्यांच्यावर ठेवायला आता काही नाही. हे पान मी डाव्या हाताने दाबून धरलं आहे. पाचव्यांदा मांगरात जावंसं वाटतंय, पण हात काढला की पान उडेल. म्हणून बसून आहे.

वैनी